मुंबई ते न्यूयॉर्क : हवाई अंतर आणि लागणारा वेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या हिशेबात सुमारे ६,७७० नॉटिकल मैल आहे. हडसन नदीपलीकडच्या न्यू जर्सीतील नेवार्क विमानतळ गाठायचा तर यात दहा-पंधरा किलोमीटरची भर पडते. वाटेत न थांबणारे विमान मुंबईहून न्यूयॉर्कला साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तासांत पोहोचते आणि परत येताना चौदा ते पंधरा तास घेते. हे आकडे सहज मिळतात, पण शेजारी शेजारी ठेवले की जुळत नाहीत. अंतर तेच असून जाण्याला येण्यापेक्षा दीड-दोन तास जास्त का लागतात? घड्याळ पाहावे तर उलटाच प्रकार दिसतो. हिवाळ्यात पहाटे दोनला मुंबई सोडलेले विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरते, म्हणजे जणू साडेपाच तासांचा प्रवास. दुपारी बाराला न्यूयॉर्कहून निघालेले विमान मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबईत येते, म्हणजे पंचवीस तास. अंतर भूमितीने ठरते. वेळ ठरवण्यात वारा, राजकारण, इंजिन आणि प्रमाणवेळ या सगळ्यांचा हात असतो.

अंतराचा हिशेब त्यातल्या त्यात सरळ आहे. पृथ्वी गोल मानली तर तिच्या पृष्ठभागावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग हा पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने आखलेल्या वर्तुळाचा, म्हणजे बृहद्वृत्ताचा, एक कंस असतो. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश माहीत असले की गोलीय त्रिकोणमितीच्या एका सूत्रात त्या कंसाचा कोन मिळतो. मुंबई विमानतळ १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आणि ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर आणि ७३.८ अंश पश्चिमेला. यातून केंद्राशी होणारा कोन सुमारे ११२.७ अंश येतो. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १२,५३० च्या आसपासचे उत्तर मिळते. उरलेले थोडे किलोमीटर पृथ्वीच्या आकारातून येतात. ती नेमकी गोल नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर आहे, आणि हा चपटेपणा धरून केलेली गणिते गोलावरच्या उत्तरापेक्षा थोडी वेगळी येतात. हा फरक सहसा अर्ध्या टक्क्यापलीकडे जात नाही, त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी हे अंतर दहा-वीस किलोमीटरने वेगळे छापलेले दिसले तर कोणाची चूक शोधण्याचे कारण नाही. विमान जमिनीपासून अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, त्यामुळे त्याचे वर्तुळ थोडे मोठे असते अशीही शंका निघते. ती रास्त आहे, पण त्यातून सबंध प्रवासात बावीस किलोमीटरच वाढतात, म्हणजे दीड मिनिट.

हा कंस जातो कुठून, हे पाहण्यासाठी पृथ्वीगोल आणि दोरा पुरेसा आहे. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरून दुसरे न्यूयॉर्कवर ताणले की दोरा पश्चिमेला न जाता उत्तरेकडे, वायव्येपेक्षाही अधिक उत्तरेला झुकतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून तो सिंधमध्ये शिरतो, क्वेट्टा आणि कंदाहारच्या परिसरातून अफगाणिस्तान ओलांडतो, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानच्या पश्चिम टोकावरून व्होल्गाच्या खोऱ्यात येतो. पुढे मॉस्को जवळजवळ त्याच्या खालीच येते. सेंट पीटर्सबर्गच्या थोडे दक्षिणेकडून आणि हेलसिंकीच्या थोडे उत्तरेकडून जात तो बोथनियाचे आखात पार करतो, नॉर्वेत ट्राँडहाइमजवळून समुद्रावर येतो आणि नॉर्वे व आइसलँड यांच्यामध्ये ६४.७ अंश उत्तर अक्षांशाला पोहोचतो. हा या मार्गाचा सर्वांत उत्तरेचा बिंदू. तिथून वाट दक्षिणेला वळते ती आइसलँडच्या राजधानीवरून, ग्रीनलँडचे दक्षिण टोक जेमतेम शिवून, लॅब्राडोर, क्वेबेक आणि मेनमार्गे न्यूयॉर्ककडे. उष्ण कटिबंधातल्या शहरातून निघून समशीतोष्ण कटिबंधातल्या दुसऱ्या शहरात जाणारा सर्वांत जवळचा रस्ता आर्क्टिक वर्तुळाच्या दोन अंशांच्या आत जाऊन येतो, हे शाळेतला भिंतीवरचा नकाशा पाहून वाढलेल्याला पटकन पटत नाही.

त्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती मस्कतच्या दक्षिणेकडून सौदी अरेबिया, इजिप्तमधले लक्झर, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्कोतले मर्राकेश अशी जाते आणि अटलांटिक तिरपा ओलांडून न्यूयॉर्कला टेकते. मर्केटर पद्धतीच्या नकाशात अशा रेघेला एक गुण आहे: होकायंत्राची दिशा सबंध वाटेवर एकच राहते. शिडाच्या जहाजांना त्याचा मोठा उपयोग होता. पण हा मार्ग सुमारे १४,२०० किलोमीटर भरतो, बृहद्वृत्तापेक्षा साडेसोळाशे किलोमीटर जास्त. जेट विमानाच्या वेगाने दोन तासांची ही नाहक फेरी. बृहद्वृत्तावर जाताना होकायंत्राची दिशा सारखी बदलत राहते, आणि ते काम आता विमानातला संगणकच करतो.

मात्र कोणतेही विमान या कंसावरून तंतोतंत जात नाही, आणि इथून हिशेब भूमितीच्या हातून सुटतो. १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या प्रदेशावरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व मान्य केले आहे. दुसऱ्याच्या आकाशातून जायला परवानगी लागते, त्याचे शुल्क भरावे लागते आणि ती परवानगी काढूनही घेता येते. मुंबई–न्यूयॉर्क कंसाखाली येणाऱ्या देशांची यादी पुन्हा वाचली तर गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक सगळ्या अडचणी त्यात ओळीने मांडलेल्या दिसतात. बालाकोट हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत आपली हवाई हद्द बंद ठेवली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधली राजवट बदलली तेव्हा अफगाणिस्तानवरची हवाई वाहतूक नियंत्रणाची व्यवस्था कोलमडली आणि बहुतेक कंपन्यांनी तो प्रदेश टाळायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोप-अमेरिकेने रशियन विमानांना आणि उत्तरादाखल रशियाने त्यांच्या विमानांना बंदी घातली.

या शेवटच्या बंदीतून एक विचित्र असमतोल तयार झाला. रशियाची बंदी भारतीय कंपन्यांना लागू नव्हती. अमेरिकी कंपन्यांना होती. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये विमानाच्या शेपटीवर कोणत्या देशाची नोंदणी आहे यावर प्रवासाचे अंतर ठरू लागले. युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क–मुंबई सेवा याच काळात थांबवली. रशियावरून जाण्यातही जोखीम असते, हे जून २०२३ मध्ये दिसले. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरवावे लागले आणि प्रवासी दुसरे विमान येईपर्यंत तिथेच अडकून पडले.

पाकिस्तानच्या बंदीचा फटका मुंबईला दिल्लीइतका बसत नाही, याचे कारण नकाशातच आहे. मुंबईहून निघालेले विमान थेट अरबी समुद्रावर जाते. मस्कत आणि इस्तंबूलवरून वळसा घेऊन न्यूयॉर्कला गेले तरी एकूण अंतर १२,९५० किलोमीटरच्या आसपास राहते, म्हणजे तीन-साडेतीन टक्क्यांची वाढ. दिल्लीचे न्यूयॉर्कपासूनचे अंतर मुळात कमी, सुमारे ११,७६० किलोमीटर. पण पाकिस्तान टाळायचा तर तिथल्या विमानाला आधी गुजरातपर्यंत खाली येऊन मग समुद्रावरून पश्चिमेला जावे लागते, आणि त्या वाटेने दीड-दोन हजार किलोमीटर वाढतात. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावे लागले ते यामुळेच. एरवी न्यूयॉर्कला जवळ असलेली राजधानी अशा काळात मुंबईपेक्षा दूर पडते. मस्कत–इस्तंबूल हा मार्गही निर्धोक नाही. इराण, इराक आणि आखाती प्रदेशावरचे आकाश युद्धाच्या सावटाखाली अधूनमधून बंद होते. जून २०२५ मध्ये ते अचानक बंद झाले तेव्हा वाटेतली विमाने माघारी फिरवावी लागली होती.

युरोप ओलांडल्यावर राजकारण संपते आणि अटलांटिकची शिस्त सुरू होते. या महासागरावर मध्यभागी रडार पोहोचत नाही, त्यामुळे विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखण्यासाठी रोज नव्याने समांतर हवाई वाटा आखल्या जातात. स्कॉटलंडमधील प्रेस्टविक आणि कॅनडातील गँडर येथील नियंत्रण केंद्रे त्या दिवसाच्या वाऱ्यांचा अंदाज पाहून हे मार्ग ठरवतात: दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेला येणाऱ्यांसाठी. उपग्रहाद्वारे विमानांची जागा कळू लागल्यापासून ही बांधीलकी सैल होत चालली आहे. दोन इंजिनांच्या विमानांवर आणखी एक बंधन असते. वाटेत एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळात पोहोचता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात असावा लागतो. पूर्वी ही मर्यादा तासाभराची होती. बोइंग ७७७ ला ती १८० मिनिटे आणि त्याहून जास्त मिळाली, आणि आइसलँडमधले केफ्लाविक, आयर्लंडमधले शॅनन, कॅनडातले गँडर व गूस बे अशा विमानतळांच्या भरवशावर अटलांटिक जवळजवळ मोकळा झाला.

आता वारा. विमान हवेच्या सापेक्ष ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. बोइंग ७७७ चा नेहमीचा वेग ध्वनीच्या ०.८४ पट असतो. पण ज्या हवेतून ते उडते ती हवाच वाहत असते. मध्य अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात ताटेनो वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले. निष्कर्ष जगभर वाचले जावेत म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केले, आणि त्यामुळेच ते फारसे कोणी वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना जपानवर हेच वारे आडवे आले तेव्हा त्यांची सर्वांना नव्याने ओळख झाली. हिवाळ्यात ध्रुवीय आणि उष्ण प्रदेशांच्या तापमानातली तफावत वाढते तसा त्यांचा जोरही वाढतो आणि ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी अशाच वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजच्या एका जम्बोने न्यूयॉर्क ते लंडन अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी भोवतालच्या हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगाने चालले होते.

मुंबई–न्यूयॉर्क प्रवासात वाऱ्याचा पूर्ण वाटेवरचा सरासरी परिणाम ताशी पन्नास किलोमीटर धरला आणि प्रत्यक्ष मार्ग १३,००० किलोमीटरचा घेतला, तर विमानाच्या ताशी ८९० किलोमीटर वेगातून जाताना ८४० उरतात आणि येताना ९४० होतात. जाण्याला पंधरा तास अठ्ठावीस मिनिटे, येण्याला तेरा तास पन्नास मिनिटे. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, चढणे, उतरणे यांची अर्धा-पाऊण तासाची भर घातली की वेळापत्रकातले आकडे जवळजवळ तंतोतंत मिळतात. या हिशेबात एक बारकावा आहे. वारा जाताना जितका वेळ खातो तितका येताना परत देत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते आणि सुलट वाऱ्यात कमी वेळ. इथे हे नुकसान फेरीमागे पाच-सहा मिनिटांचेच आहे, पण ते कायमचे आहे.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली न्यूयॉर्क आपणहून सरकत यायला हवे, असा युक्तिवाद शिकलेली माणसेही करतात. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते, त्यामुळे हा फायदा मिळत नाही. परिवलनाचा परिणाम होतो तो आडून: उष्ण प्रदेशातून ध्रुवाकडे जाणारी हवा परिवलनामुळे पूर्वेकडे वळते आणि जेट स्ट्रीम तयार होते. म्हणजे परिवलन पश्चिमेच्या प्रवाशाला मदत करायचे सोडून त्याची वाटच अडवते.

अंतरावरून प्रवासाचा वेळ सांगणारी जी तयार गणनयंत्रे असतात, ती बहुधा बृहद्वृत्ताच्या अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात. मुंबई–न्यूयॉर्कला हे उत्तर सव्वासोळा तासांच्या घरात येते. जाण्यासाठी ते बरोबर वाटते, पण तो योगायोग आहे. त्यात वाढलेला मार्ग आणि उलटा वारा नकळत सामावले जातात. येण्यासाठी तेच उत्तर दीड तासाने चुकते. दोन्ही दिशांना एकच वेळ सांगणारे कोणतेही उत्तर एका दिशेला तरी चुकणारच. वेळापत्रकातला वेळ हा विमान एका दारापासून हलल्यापासून दुसऱ्या दारापाशी थांबेपर्यंतचा असतो, आणि त्यात कंपनी थोडा ऐसपैसपणा ठेवते. ‘वेळेआधी पोहोचलो’ ही घोषणा पुष्कळदा त्या ऐसपैसपणाचे फळ असते.

या दोन शहरांमधले अंतर कमी झालेले नाही, पण वेळ किती आटला हे पाहण्यासाठी आनंदीबाई जोशी यांचा प्रवास आठवावा. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या: अठ्ठावन्न दिवस. तिथून त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे गेल्या. ते गाव आजच्या नेवार्क विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत आहे. ज्या परिसरात त्या एकट्या मराठी होत्या, तिथे आज एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि मुंबईहून नेवार्कला थेट विमान चालवावेसे वाटण्यामागे अशाच वस्तीचा आधार होता.

हवाई वाहतुकीचा भारतीय बाजूचा आरंभ ८ जून १९४८ चा. त्या रात्री एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनेव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला पोहोचले. चार पंखेवाल्या इंजिनांचे हे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर उडत असे. न्यूयॉर्क यायला आणखी बारा वर्षे लागली. १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ ने एअर इंडियाची सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोहोचली, आणि वेग एका उडीत जवळजवळ दुप्पट झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यानंतर वेग वाढलेलाच नाही. १९६० चे ७०७ आणि आजचे ७७७ हवेत जवळपास सारख्याच वेगाने उडतात. मधल्या काळात वाढला तो पल्ला.

त्यामुळे १९६० नंतर जो वेळ वाचला तो न थांबण्याने वाचला. लंडनचा थांबा अंतराच्या दृष्टीने जवळजवळ फुकट आहे: मुंबई–लंडन सुमारे ७,२१० आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किलोमीटर, मिळून १२,७५०. थेट मार्गापेक्षा केवळ दोनशे किलोमीटर जास्त. पण उतरणे, इंधन भरणे, पुन्हा चढणे यात दोन-तीन तास जात. चाळीस-पंचेचाळीस वर्षे प्रवाशांनी तो थांबा गृहीतच धरला होता. १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने बोइंग ७७७-२०० एलआर विमानाने मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली. त्याच सुमारास अमेरिकी कंपन्यांनीही मुंबई जोडली होती. पुढे इंधनाचे भाव, तोटा, महासाथ आणि बंद आकाश यांनुसार या सेवा चालू-बंद होत राहिल्या. डेल्टाने डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केलेली सेवा मार्च २०२० मध्ये थांबली. एअर इंडियाने आपली थेट सेवा फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली.

थेट उड्डाण इतके नाजूक का असते, याचे उत्तर इंधनाच्या वजनात आहे. ७७७-२०० एलआरच्या टाक्यांत सुमारे १.८ लाख लिटर इंधन मावते आणि उड्डाणाच्या वेळी विमानाचे जास्तीत जास्त वजन ३४७ टनांपर्यंत असू शकते. सोळाव्या तासाला लागणारे इंधन पहिल्या पंधरा तासांत वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळते. म्हणून लांब पल्ल्यात शेवटचे हजार किलोमीटर सर्वांत महाग पडतात. वारा अंदाजापेक्षा जोरात असेल किंवा मार्ग लांबला असेल तर कंपनी आधी माल उतरवते, मग काही जागा रिकाम्या ठेवते, आणि तेही पुरेनासे झाले की वाटेत थांबा घेते. एवढ्या लांब उड्डाणाला वैमानिकही दुप्पट, म्हणजे सहसा चार लागतात, आणि त्यांच्या झोपण्यासाठी वेगळी जागा ठेवावी लागते.

यामुळे एका थांब्याचे प्रवास टिकून आहेत आणि पुष्कळदा स्वस्तही पडतात. दुबईमार्गे अंतर सुमारे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५० किलोमीटर; फ्रँकफर्टमार्गे १२,८०० च्या आत; दिल्लीमार्गे १२,९०० च्या आसपास. किलोमीटरच्या हिशेबात या सगळ्यांत निवड करण्यासारखे काही नाही. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या या वाटेवर पश्चिम आशिया आणि युरोपातली जवळजवळ सगळी मोठी विमानतळे सोयीने पडतात, हे या जोडीचे वैशिष्ट्य आहे. फरक पडतो तो विमान बदलण्यात. दोन तासांचा थांबा असला तर एकूण प्रवास एकोणीस तासांत होतो, रात्रभराचा असला तर तीस तासांवर जातो. मुला-नातवंडांकडे एकट्याने निघालेल्या सत्तरीतल्या आजी-आजोबांना थेट विमानाचे जादा पैसे देण्यात अर्थ वाटतो तो वाचलेल्या तीन तासांसाठी नव्हे. अनोळखी विमानतळावर सामान, सुरक्षा तपासणी आणि दूरचे दार शोधण्याची पायपीट टळते यासाठी.

शेवटचा गुंता घड्याळाचा. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्कची वेळ हिवाळ्यात ग्रिनिचच्या पाच आणि उन्हाळ्यात चार तास मागे असते. त्यामुळे दोन शहरांतला फरक हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासाने पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केली जातात. भारतात असे काही होत नाही. म्हणून वर्षातून दोनदा या मार्गावरच्या वेळापत्रकात एका टोकाची वेळ तासाने सरकते. सूर्याच्या हिशेबाने हा फरक ना साडेनऊ आहे ना साडेदहा. दोन विमानतळांच्या रेखांशांत १४६.७ अंशांचे अंतर आहे, म्हणजे ९ तास ४७ मिनिटे. मुंबईने आपली स्थानिक वेळ बराच काळ जपली होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाल्यावरही शहरात ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होता. मलबार प्रिन्सेस निघाले तेव्हा प्रमाणवेळ आणि ही मुंबई वेळ यांच्यात ३९ मिनिटांचा फरक होता.

पश्चिमेला जाणारे विमान सूर्याच्या दिशेने आणि जवळजवळ त्याच्याच वेगाने जाते. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, पण ६० अंश अक्षांशावर हा वेग ८३५ वर येतो, म्हणजे विमानाच्या वेगापेक्षाही कमी. जानेवारीत पहाटे दोनला मुंबईहून निघालेल्या प्रवाशाला म्हणूनच वाटेत सकाळ भेटत नाही. मुंबईत सव्वासहाला मावळलेला सूर्य त्याला न्यूयॉर्कला उतरतानाच दिसतो, आणि त्याची ती रात्र तेवीस तासांहून लांब असते. जूनमध्ये चित्र निराळे: उत्तर युरोपावर पोहोचेपर्यंत तिथे सूर्य उगवलेला असतो आणि उरलेला प्रवास उजेडात होतो. परतीच्या वाटेवर दिवस-रात्र झपाट्याने पालटतात; न्यूयॉर्कहून दुपारी निघालेल्या विमानाला अटलांटिकवरच अंधार गाठतो आणि पूर्व युरोप ओलांडेपर्यंत पहाट होते.

शरीराला या दोन दिशा सारख्या नसतात. माणसाचे अंतर्गत घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असते, त्यामुळे दिवस ताणणे त्याला सोपे जाते आणि आखडणे अवघड. म्हणून न्यूयॉर्कला जाणाऱ्यांपेक्षा मुंबईला परतणाऱ्यांची झोप बहुधा अधिक दिवस बिघडलेली राहते. झोप आणि दिनक्रम सावरायला ओलांडलेल्या प्रत्येक तासामागे साधारण एक दिवस धरतात. दहा तासांच्या फरकात मात्र काहींचे शरीर जवळचा रस्ता सोडून उलट्या दिशेने चौदा तास सरकूनही जुळवून घेते.